आमचा नवा चष्मा

मराठी भाषेने मनुष्याच्या वयास आणि त्याच्या नाकावरील उपकरणास एकच नाव देऊन थोडा निष्ठुरपणा केला आहे. 'चाळिशी लागली' एवढे म्हटले की वय झाले हेही समजते आणि चष्मा आला हेही समजते. दोन दुःखांवर दोन शब्द खर्च करण्याची उधळपट्टी आपल्या काटकसरी पूर्वजांना मानवली नाही. इंग्रज वैद्यांनी या विकाराकरिता ग्रीक भाषेकडे धाव घेतली व 'प्रेस्बिओपिया' असे भारदस्त नाव शोधून काढले. पण त्या नावाची फोड करून पाहावी, तर आत 'म्हाताऱ्याचा डोळा' एवढाच ऐवज सापडतो. तेव्हा परभाषेचा आश्रय करूनही सुटका नाही.

लांबचे न दिसण्याची खोड आम्हांस शाळेपासूनच होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या जोडीला जवळचे न दिसण्याची खोड आली आणि तेव्हापासून आम्ही दुहेरी काचेचा, म्हणजे दुकानदार ज्यास बायफोकल म्हणतात तो, चष्मा वापरीत आलो आहो. वरच्या भागातून वर्ग दिसतो, खालच्या चंद्रकोरीतून पुस्तक दिसते. मनुष्य जन्मास येतो तेव्हा हे दोन्ही उद्योग त्याच्या डोळ्यातील एकच भिंग करीत असते. ते मऊ असते. जवळचे पाहावयाचे झाले की एक बारीकसा स्नायू त्यास फुगू देतो, आणि पोर पुस्तकात नाक खुपसूनही अक्षर ओळखते. पुढे वर्षागणिक ते भिंग ताठर होत जाते. स्नायू बिचारा आपले काम करीतच असतो. भिंगच हट्टाला पेटते. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-मंडळात हा देखावा आम्ही पुष्कळदा पाहिला असल्यामुळे त्याचे आम्हांस नवल वाटले नाही.

गेल्या आश्विनात नंबर तपासून घेण्यासाठी आम्ही नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेलो. लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात त्याचे दुकान आहे. वडिलांच्या मागे तो ते चालवितो व आम्हांस अजून वडिलांच्याच वहीतील गिऱ्हाईक समजतो. जवळचा नंबर पाव घराने वाढला होता. ती बातमी सांगून झाल्यावर, दुःखी मनुष्यास खाऊ दाखवावा त्या आविर्भावात त्याने एक लहानसे पाकीट पुढे केले.

“सर, ही नवीन आली आहे. उन्हात गेलात की आपोआप काळी, घरात आलात की पांढरी.”

आम्ही म्हणालो, “यात नवीन ते काय? आमचे एक मेहुणे असली काच कैक वर्षे लावीत आहेत.”

“त्यांची सिंगल नंबरची असेल, किंवा ती जुनी जाड काच. ही हलकी आहे, आणि तुमच्या डी बायफोकलमध्ये आली आहे. कालच पार्सल फोडलं.”

यातील 'तुमच्या' हा शब्द आम्हांस विशेष लागला. चष्म्याच्या जगात आम्ही दुहेरी काचवाले म्हणजे मागे राहिलेली जमात. बर्नार मेतेनाझ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९५९ साली बिनरेषेची काच बाजारात आणली. तीत वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो व बाहेरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. तेव्हापासून जे जे नवे निघते ते प्रथम त्या काचेत निघते, आणि ओसरलेला पूर आमच्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. बिनरेषेची काच आम्हीही एकदा तीन आठवडे लावून पाहिली. तिच्या कडांतून पाहिले की टेबल, कपाट आणि विद्यार्थी हे तिन्ही पाण्यात बुडाल्यासारखे वाकडे दिसत. डोळा नव्हे तर मान वळवा, असा त्या वेळी सल्ला मिळाला. दोष काचेचा नव्हे, आमच्या मानेचा, हे कबूल करून आम्ही परत रेषेवर आलो. “रेषेनं वय कळतं, सर,” असे चष्मेवाला म्हणे. आमच्या डोक्याकडे पाहून वय कळावयाचे राहिले असेल, असा एकही मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

शिवाय या रेषेस चांगले कूळ आहे. अमेरिकेचा वकील म्हणून फ्रान्समध्ये राहिलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने पॅरिसजवळच्या पासी येथून १७८५ च्या मे महिन्यात जॉर्ज व्हॉटली या लंडनच्या मित्रास एक पत्र लिहिले. त्या वेळी तो एकोणऐंशी वर्षांचा होता. प्रवासात एक चष्मा वाचावयास व दुसरा बाहेरची शोभा पाहावयास, अशी अदलाबदल करता करता तो कंटाळला. तेव्हा त्याने दोन्ही चष्म्यांच्या काचा मधोमध कापवून त्यांची अर्धी-अर्धी शकले एकाच वर्तुळात बसवून घेतली. पत्रातील गमतीची गोष्ट पुढेच आहे. जेवणाच्या टेबलावर ज्या भिंगाने ताटातील अन्न दिसे त्याने समोरच्या माणसांची तोंडे दिसत नसत; आणि परकी भाषा ऐकताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरील हालचाल दिसली म्हणजे शब्द उलगडतात, म्हणून या चष्म्याने आपल्याला फ्रेंच अधिक चांगले समजू लागले, असे तो म्हणतो. डोळ्याच्या साधनाचा उपयोग कानास झाला. आम्ही हे वाचले तेव्हा विनोद म्हणून वाचले होते. पुढे त्याची आठवण निराळ्या प्रसंगी झाली. या जोडकाचेला 'बायफोकल' हे नाव मात्र त्याने दिले नाही. ते १८२४ साली जॉन आयझॅक हॉकिन्स याने दिले.

चष्मा ही वस्तूच मुळी फार जुनी नव्हे. जोर्दानो नावाच्या इटालियन धर्मोपदेशकाने १३०६ साली फ्लॉरेन्स येथे प्रवचन करताना, ही कला निघून अद्याप वीस वर्षेही झाली नाहीत, असे श्रोत्यांस सांगितले होते. चित्रकारांना ती इतकी आवडली की १३५२ साली त्रेव्हिझो येथील एका मठाच्या भिंतीवर तोमासो दा मोदेना याने ह्यू नामक कार्डिनलच्या नाकावर चष्मा चढविला. तो कार्डिनल चष्म्याचा शोध लागण्यापूर्वीच, १२६३ साली, वारलेला होता. विद्वान म्हटला की चष्मा हवाच, ही समजूत तेव्हापासूनची दिसते व तिच्यावर आमचाही थोडाबहुत चरितार्थ चालला आहे. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पुष्कळ वर्षे काम केलेल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातील चष्म्याच्या इतिहासावर लिहिले आहे. विजयनगरच्या दरबारी मान असलेले माध्व संन्यासी व्यासतीर्थ हे चष्मा लावून पोथी वाचीत, असे सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथावरून दिसते. काळ १५२० च्या सुमाराचा. पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते १५१० साली. तेव्हा ती वस्तू त्यांच्याच गलबतांतून आली असावी, असा तर्क केला जातो. काच सातासमुद्रापलीकडची आणि पोथी ताडपत्राची. स्वामींना सोवळ्याचा प्रश्न पडला होता की काय, कोण जाणे.

असो. चष्मेवाल्याचे पाकीट आम्ही घेतले. किंमत ऐकून घरी थोडे कमी करून सांगावे लागेल हे ओळखले, आणि तसे केलेही. आठवड्याने चष्मा आला. दुकानदाराने एक काच एका लहानशा दिव्याखाली धरली व पाहता पाहता ती धुरकट झाली. या काचेचा मूळ शोध न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावच्या काचकारखान्यात विल्यम आर्मिस्टेड व डोनाल्ड स्टूकी यांनी लावला व १९६४ साली तो प्रसिद्ध केला. यातील स्टूकी हा मोठा दैववान मनुष्य. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी त्याची भट्टी चुकून भलतीच तापली. आतील काचेचे पाणी झाले असेल म्हणून पाहतो तो ती पांढरीशुभ्र झालेली, आणि हातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. त्यातूनच भट्टीत ठेवावयाची प्रसिद्ध भांडी निघाली. रंग बदलणाऱ्या काचेची युक्ती मात्र विचारपूर्वक केलेली होती. छायाचित्राच्या फिल्मवर जे चांदीचे क्षार असतात, त्यांचेच अतिसूक्ष्म स्फटिक या काचेत पेरलेले असतात. सूर्याचे जंबुपार किरण, ज्यांस हल्ली अतिनील म्हणतात, ते लागले की त्यांतून चांदी सुटी होते व काच काळवंडते. फिल्मवर हे एकदा झाले की झाले. तेथे चांदीचा जोडीदार निघून जातो. काचेत त्यास पळावयास जागाच नसते, म्हणून अंधार पडताच दोघे पुन्हा एकत्र नांदू लागतात व काच निवळते.

आमच्या चष्म्यात अर्थात चांदी नाही. तो प्लास्टिकचा. १९९१ च्या सुमारास बाजारात स्थिरावलेल्या या दुसऱ्या प्रकारात कार्बनी रेणूंचा थर असतो. त्या रेणूंचे एक कडे जंबुपार किरणांनी उघडते आणि त्यास रंग येतो. कडे परत मिटविण्याचे काम मुख्यतः उष्णतेचे. म्हणून ही काच उन्हाळ्यात फारशी काळी होत नाही व झालीच तर लवकर निवळते. थंडीत मात्र ती भराभर गडद होते आणि निवळावयास फार वेळ घेते. मोटारीत बसल्यावर ती बहुधा मुळीच काळी होत नाही, कारण मोटारीची पुढची काच ते किरण आधीच अडवून धरते. एवढे सगळे चष्मेवाल्याने सांगितले. यातील थंडीचा भाग आम्ही लक्षपूर्वक ऐकला नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. प्रांगण ओलांडून आम्ही वर्गात शिरलो की पहिल्या बाकावर खसखस पिके, एका विद्यार्थिनीने “सर, ऑपरेशन झालं का?” म्हणून मनापासून विचारले. आम्ही कोणाकडे पाहतो आहो हे पाच-सात मिनिटे कोणासच कळत नसल्यामुळे व्याख्यानाच्या आरंभी अपूर्व शांतता असे. सौभाग्यवतींनी एकदाच वर पाहून “अहो, तेवढं देवघरात जाताना काढत जा,” एवढा अभिप्राय दिला. जिना उतरताना खालच्या चंद्रकोरीतून पायरी पुसट दिसते ही दुहेरी काचेची जुनी खोड होतीच. हनुवटी छातीला टेकवून उतरावयाची सवय आम्हांस बारा वर्षांची आहे.

पौषात आमचे मामा वारले. ते मिरजेस असत. आमच्या आईचे पाठचे भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही त्यांना आबामामा म्हणत असू. आई एक्याऐंशी वर्षांची आहे व वाईस आमच्या धाकट्या बंधूंजवळ जुन्या वाड्यात राहते. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मिरजेचा फोन आमच्या बंधूंनी घेतला, तो तिच्यापासून दूर अंगणात जाऊन घेतला. ऑपरेशनच्या डोळ्याने रडू नये, असे आमच्या घरी सर्वांस पक्के ठाऊक होते. कोणी सांगितले होते हे मात्र कोणास सांगता आले नसते. डॉक्टरांस आम्ही हे विचारले ते सर्व होऊन गेल्यावर. अश्रूंनी काही होत नाही, डोळा चोळू नये म्हणजे झाले, असे ते म्हणाले. पण त्या वेळी विचारण्याचे कोणास सुचले नाही, किंवा खरे सांगावयाचे तर विचारून नकार मिळाला असता तर सांगण्याची जबाबदारी येऊन पडली असती. आम्ही परस्पर मिरजेस गेलो, स्मशानातून परत आलो, आणि पाचव्या दिवशी वाईस निघालो ते आईला काही न सांगण्याचा निश्चय करून. डोळा पूर्ण बरा होऊ द्यावा, मग दोघा भावांनी मिळून सांगावे, असे ठरले होते.

गाडी आमचे चिरंजीव चालवीत होते. खंबाटकीच्या घाटात सकाळचे तिरपे ऊन डोळ्यांवर येत होते, आणि चष्मा, चष्मेवाल्याने सांगितल्याप्रमाणे, स्वच्छ पांढरा. वाईस वाड्याच्या दाराशी उतरलो. कृष्णाकाठची पौषातील थंडी वाचकांपैकी ज्यांना ठाऊक असेल त्यांना ती सांगावयास नको. गाडीतील सामान काढीपर्यंत अंगणातील उन्हात दोन-तीन मिनिटे गेली असतील. तेवढ्यात काच इतकी काळी झाली की माजघराचा उंबरठा आम्हांस पायानेच चाचपून ओलांडावा लागला. मनात एक विचार येऊन गेला, तो येथे लपविण्यात अर्थ नाही: बरे झाले, डोळे दिसणार नाहीत.

माजघराला एकच लहान खिडकी आहे व त्या खोलीत उन्हाळ्यातही घोंगडी लागते. आई भिंतीशी पाटावर बसली होती. तिच्याही डोळ्यांवर काळा चष्मा होता. ऑपरेशननंतर इस्पितळातून देतात तो, बाजूंनीही झाकलेला. आम्ही वाकून नमस्कार केला.

“आलास? बैस. रस्त्यात चहा घेतलास का?”

“घेतला.”

“कॉलेज?”

“चालू आहे. आज रजा काढली.”

“सोमवारची?” तिने विचारले, आणि आम्ही उगाच परीक्षा, पेपर, तपासणी असे काहीतरी बोलत राहिलो. भावजयीने चहा आणून ठेवला व ती आमच्याकडे न पाहता आत गेली. दोन काळे चष्मे समोरासमोर बसले होते. आम्हांस तिचा चेहरा एखाद्या जुन्या, काळपट पडलेल्या छायाचित्रासारखा दिसत होता, आणि चंद्रकोरीतून कपबशी. आई पूर्वीपासून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकते; अलीकडे कान कमी झाल्यापासून अधिकच. फ्रँकलिनची फ्रेंच भाषा आम्हांस तेव्हा आठवली. कपाळ, ओठ, गाल हे सर्व उघडेच होते. डोळे तेवढे झाकून काय झाकले होते, हे आता सांगता येत नाही. पाच मिनिटे झाली असतील, दहा झाली असतील. थंडीमुळे काच निवळावयास तयार नव्हती, पण निवळत होती. भिंतीवरचे घड्याळ आधी दिसू लागले, मग तिच्या हातातील तुळशीची माळ.

“तो तुझा चष्मा पांढरा होतोय,” आई म्हणाली.

आम्ही हसून ती काच कशी काम करते ते सांगू लागलो. तिने ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, “आबा गेला ना?”

आम्हांस उत्तर देता आले नाही.

“दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा. ऑपरेशन झाल्यापासून तर रोज करत होता. गुरुवारपासून नाही. धाकट्याला विचारलं तर म्हणे मिरजेची लाइन बंद आहे. मोबाइलची कसली रे लाइन बंद असते?”

तिने काळा चष्मा काढला नाही. कडेच्या पट्टीखाली बोट घालून तिने गाल पुसला, तेव्हा आमच्या ध्यानात आले की तो कडेला ओलसर पांढरा पडला होता. ते आजचे नव्हते. चार दिवस ती त्या चष्म्याआड रडत होती, आणि आपल्याला कळले आहे हे घरातल्यांना कळू नये, नाहीतर त्यांना वाईट वाटेल, म्हणून गप्प बसली होती. भावजयीने नंतर सांगितले की डोळ्यात थेंब घालतेवेळी आई म्हणे, “तू बाटली दे, माझं मी घालते.” घरातील सर्वांना तिच्या स्वावलंबनाचे कौतुक वाटले होते.

“अखेर कशी झाली?” तिने विचारले. आम्ही सांगितले: झोपेत, पहाटे, त्रास न होता. “तू होतास?” दुपारपर्यंत पोहोचलो, असे सांगितले. “खांदा दिलास?” दिला. तिने मान हलविली व बराच वेळ काही विचारले नाही. मग फळीवरच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट केले. त्यात आबामामांची पत्रे होती. ती तिला आमच्याकडून वाचून हवी होती. सगळी नको, आमच्या मुंजीच्या वेळचे तेवढे. निळ्या शाईचे, बारीक, एकमेकांत गुंतलेले अक्षर. काच एव्हाना पूर्ण स्वच्छ झाली होती व पाव घर वाढविलेल्या चंद्रकोरीतून ते लख्ख दिसत होते. त्यात मुंजीला येता येत नाही याबद्दल पाऊण पान दिलगिरी होती, आणि भिक्षावळीत घालण्याकरिता अकरा रुपये मनिऑर्डरने पाठविल्याचा मजकूर. “आला होता की मग,” आई म्हणाली, “पत्र टाकलं आणि दुसऱ्याच गाडीत बसला. पत्र त्याच्यामागून आलं.” हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता मोठ्याने रडली. भावजय धावत आली व “आई, डोळा, डोळा” म्हणू लागली.

डोळा उत्तम बरा झाला. फाल्गुनात दुसऱ्याचेही ऑपरेशन झाले, व आता आई दोऱ्यात सुई स्वतः ओवते आणि आमच्या चष्म्याच्या रेषेला हसते. चष्मेवाल्याने मध्यंतरी विचारले, “सर, बसला ना चष्मा?” आम्ही उत्तम म्हणून सांगितले, आणि ते खरे आहे, पुण्याच्या उन्हात त्यावाचून आता आमचे चालत नाही. वाईस गेलो म्हणजे मात्र अंगणातच तो काढून खिशात ठेवतो. त्यामुळे उंबरठा, पायरी व माणसे ही सर्व धुक्यातल्यासारखी दिसतात, आणि आतून आईचा आवाज येतो, “पायरी आहे रे, पायरी!”